गडावरचे गाव : पन्हाळ्यातील एक दिवस

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची कंपनीच्या कामासाठी इटलीला गेली होती. परत आल्यावर तिने फोनवर काढलेली छायाचित्रे दाखवली. डोंगरमाथ्यावरची दगडी गावे, अरुंद गल्ल्या, खिडकीत वाळत घातलेले कपडे. त्यात सान जिमिन्यानो नावाचे एक गाव होते. तिथे एके काळी सत्तरच्या आसपास उंच मनोरे होते आणि त्यांतले चौदा आजही उभे आहेत. छायाचित्रे संपल्यावर तिने विचारले, "मामा, आपल्याकडे एवढे गड आहेत, मग अशी गावे का नाहीत?"

आम्ही धायरीत राहतो. पाऊस नसला की आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून सिंहगड दिसतो. मी तिकडे बोट दाखवून म्हणालो, "अगं, तो गड. लढाईची जागा. तिथे गाव कशाला असेल?" तिचे समाधान झाले, माझे झाले नाही. उत्तर चुकीचे आहे हे तोंडातून निघतानाच कळले होते. आणि तेच चुकीचे उत्तर मी २०१२ साली एका दिवाळी अंकात छापूनही बसलो होतो. "गड हे स्मारक आहे, वसाहत नव्हे, जिथे वस्ती उरली असेल तिथून ती सन्मानाने खाली आणावी," अशा आशयाचे ते वाक्य होते. त्या वाक्यासाठी मला तीन-चार शाबासकीची पत्रे आली होती. हा लेख त्या वाक्याची झाडाझडती आहे.

माझ्याबद्दल एवढेच सांगतो की मी कुठल्या विद्यापीठात इतिहास शिकलेलो नाही. धायरी-नऱ्हे भागातल्या छोट्या कारखान्यांत अठ्ठावीस वर्षे लेथ चालवला. मोडी शिकलो तो चाळिशीत, रविवारी, वहीत बाराखडी गिरवून. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यात विद्वत्तेचा दावा नाही. कागद वाचले, जागा पायाखाली घातली, आणि दोन्ही जुळतात का ते पाहिले.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या बैठकीत 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. पेढे वाटले गेले, आम्हीही वाटले. यादी पुन्हा वाचताना मात्र एका नावाशी थांबलो. रायगड, राजगड, साल्हेर, लोहगड या गडांवर जायचे म्हणजे जायचे आणि संध्याकाळी उतरायचे. पन्हाळा तसा नाही. तिथे नगरपरिषद आहे, तहसील कचेरी आहे, शाळा आहेत आणि सुमारे तीन हजार माणसे रात्री आपापल्या घरात झोपतात. भाचीच्या प्रश्नाचे उत्तर धायरीपासून एका दिवसात जाऊन-येऊन होण्यासारखे होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिनेच गाडी काढली.

पहाटे चारला निघालो. नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खंबाटकी, सातारा, कऱ्हाड. रस्त्याची कामे चालू असल्याने जागोजागी वळसे. कोल्हापूर ओलांडून रत्नागिरी रस्त्याला लागलो आणि वाघबीळला वळलो तेव्हा दहा वाजून गेले होते. वर सगळे धुके. चार दरवाजाच्या जागेतून गाडी आत गेली आणि भाची म्हणाली, "दरवाजा कुठे आहे?" दरवाजा नाही. तो १८४४ मध्ये इंग्रजांनी पाडला. तिथे आता बाजीप्रभूंचा पुतळा आहे. हा पाडलेला दरवाजा लक्षात ठेवायचा आहे, त्याच्याकडे पुढे यायचे आहे.

पन्हाळ्याचा इतिहास सांगायला बसले की लोक थेट १६६० वर जातात. सिद्दी जौहरचा वेढा, १२ जुलैची रात्र, शिवा काशीद, घोडखिंड. ते इथे पुन्हा सांगत नाही, वाचकांना पाठ आहे. मला त्याच्या आधीचे आणि नंतरचे पाहायचे होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने हा गड बांधला. ११९१-९२ च्या सुमारास त्याचा दरबार इथे भरत होता हे ताम्रपटावरून कळते. म्हणजे पन्हाळ्याचा जन्म ठाणे म्हणून नाही, राजाचे गाव म्हणून झाला. पुढे यादव सिंघणाने तो घेतला, मग बहमनी आले. १४६९ च्या पावसाळ्यात महमूद गवान या भागात तळ देऊन होता. त्यानंतर विजापूरचे आदिलशहा. आज जे आपण 'पन्हाळा' म्हणून पाहतो त्यातला मोठा भाग त्यांच्या काळातला आहे.

पश्चिमेचा तीन दरवाजा पाहताना हे लगेच कळते. कमानींवरची नक्षी आणि फारसी शिलालेख अजून वाचण्यासारखे आहेत. जवळच अंधारबाव आहे. बाहेरून साधी दगडी इमारत, आत तीन मजले. सर्वांत खाली पाणी, वर पहारेकऱ्यांची जागा, आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडायची वाट. शत्रूने गडावरचे उघडे तलाव नासवले तरी ही विहीर हाती राहावी, अशी योजना. गडाच्या मध्यावर अंबरखाना आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी त्या धान्यकोठारांची नावे. गंगा कोठीच्या आत उभे राहिलो तेव्हा बाहेर पाऊस पडत होता आणि आत जमीन कोरडी होती. सहा-सात शतकांच्या वापराच्या जागेत मी छताकडे न पाहता जमिनीकडे पाहिले, ही लेथवाल्याची सवय. ओल आली तर सगळे गेले.

भाचीने विचारले, "एवढे धान्य फक्त शिपायांसाठी?" हा प्रश्न मी बारा-तेरा वर्षांपूर्वी स्वतःला विचारायला हवा होता.

उत्तर एका ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ या प्रदेशाच्या राजकारणातूनच आलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र', १७१५ सालचे, करवीरच्या संभाजीराजांच्या नावाने काढलेले. त्यातले दुर्गांवरचे प्रकरण आपण तट, बुरूज आणि तोफांसाठी वाचतो. मी ते या सहलीच्या आधी पुन्हा वाचले, या वेळी फक्त घरे शोधत. अमात्य सांगतात की गड बांधण्याआधी पाणी पाहावे आणि एका झऱ्यावर विसंबू नये, आणखी टाकी खोदून ठेवावीत. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी झाडे लावावीत, वाढवावीत, तोडू देऊ नयेत. रस्त्यावर, बाजारात आणि तटाशी केर पडू देऊ नये. तो केर गडाखाली न लोटता वरच जाळावा, राख परसात टाकावी आणि घरोघरी भाजीपाला करावा.

बाजार. परस. घरोघरी भाजीपाला. हे लष्करी ठाण्याचे वर्णन नाही. अमात्यांसारखा माणूस, ज्याने औरंगजेबाशी झुंजण्यात आयुष्य घालवले, तो गडाच्या कारभाराचा विचार करताना परसातल्या भाजीचा विचार करतो. कारण त्याला ठाऊक आहे की गड तोफेने जितका राखला जातो तितकाच तिथे बायकापोरांसह राहणाऱ्या माणसांनी राखला जातो. हवालदार, सबनीस, कारखानीस हे वर. घेऱ्यात रामोशी, कोळी, महार, बेरड यांच्या चौक्या. या सगळ्यांची वतने गडाशी बांधलेली. गड पडला तर पगार जाईल एवढेच नव्हे, घर जाईल. मग माणूस कसा लढतो ते वेगळे सांगायला नको.

पन्हाळा तर पुढे राजधानीच झाला. १७०१ मध्ये औरंगजेबाने तो घेतला. इंग्रजांचा वकील सर विल्यम नॉरिस त्याला भेटला तो याच गडाखालच्या छावणीत. काही महिन्यांत रामचंद्रपंतांनी गड परत मिळवला. १७१० पासून ताराबाईंनी इथून राज्य चालवले आणि १७८२ मध्ये राजधानी कोल्हापूरला हलेपर्यंत बहात्तर वर्षे पन्हाळा हे राज्याचे मुख्य गाव होते. राजधानी म्हटले की कारकून आले, भिक्षुक आले, सोनार, तांबट, वाणी आले. १७२९ मध्ये मोरोपंतांचा जन्म इथे झाला तो असाच. पराडकरांचे घराणे नोकरीनिमित्त गडावर होते, पंतांचे बालपण इथे गेले आणि मग ते बारामतीला गेले. आपण त्यांना बारामतीचे म्हणतो. गावात त्यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. ज्या जागी आर्या लिहिणारा कवी जन्मतो ती जागा नुसता किल्ला कशी असेल?

मग बाकीचे गड रिकामे का? त्याचे उत्तर १८१८ मध्ये आहे. त्या वर्षी मार्चमध्ये सिंहगड पडला, मे महिन्यात रायगड. रायगडावर तोफगोळ्यांनी लागलेल्या आगीत वाडे जळाले. नाशिक-त्र्यंबक भागातल्या अनेक गडांच्या पायऱ्या आणि वाटा इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या, पुन्हा कोणी चढून बसू नये म्हणून. म्हणजे आपण ज्याला गडाचे 'मूळ रूप' समजतो, निर्जन माथा, गवत, पडके चौथरे आणि वारा, ते शिवकाळाचे रूप नाही. ते पराभवाचे रूप आहे. शंभर-दीडशे वर्षे आपण ते रिकामेपण पाहत आलो, त्यावर प्रेम करायला शिकलो, आणि शेवटी माझ्यासारख्यांनी लिहून टाकले की गड असाच असतो.

पन्हाळा ब्रिटिश मुलखात नव्हता, करवीर संस्थानात होता, म्हणून १८१८ मधून सुटला. त्याची पाळी १८४४ मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी इंग्रजांनी कोल्हापूरच्या कारभारावर दाजी कृष्ण पंडित यांना नेमले होते. नव्या व्यवस्थेत गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली गेल्या. कागदावर ती हिशेबाची सुधारणा होती. गडकऱ्यांना मात्र त्यात पुढचे पाऊल दिसले, की आज देखरेख, उद्या जप्ती आणि परवा गडाखाली. सामानगडाने दरवाजे लावून घेतले. भुदरगड उठला, मग पन्हाळा. कर्नल ओव्हान्स हा बडा इंग्रज अधिकारी बंडवाल्यांच्या हाती लागला आणि त्याला पन्हाळ्यावर कोंडून ठेवले गेले. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजी फौजेने तटाला भगदाड पाडून गड घेतला. त्यानंतर गडांची तटबंदी मोडण्यात आली आणि वंशपरंपरागत शिबंदीची पद्धतच बंद झाली. चार दरवाजा गेला तो तेव्हा.

आपल्या इतिहासात या उठावाला 'गडकऱ्यांचे बंड' म्हणून दोन ओळी मिळतात. मला ते घर वाचवण्याचे बंड वाटते. ते हरले. पण एक गोष्ट घडली नाही. पन्हाळ्याचे गाव उठले नाही. कचेरी राहिली, पेठ राहिली, ताराबाईंचा वाडा राहिला आणि त्यात पुढे कचेऱ्या अन् शाळा भरू लागल्या. बाकीच्या गडांवर वाड्यांचे दगड गवतात गेले. इथे वाडा वापरात राहिला म्हणून उभा राहिला. सात किलोमीटरहून लांब तटाच्या आत वस्ती सलग चालू राहिली, हेच पन्हाळा टिकण्याचे कारण आहे.

दुपारी पाऊस थांबला. तबक उद्यानाच्या बाजूला झुणका-भाकरी खाल्ली. शेजारी पंचाहत्तरीचे एक गृहस्थ छत्री टेकवून बसले होते. बोलता बोलता समजले, घराणे पिढ्यान्‌पिढ्या गडावरचेच. मी वारसा यादीबद्दल अभिनंदन केले. ते हसले.

"पेढं आमी बी खाल्लं, सायेब. पर कौलं बदलायची तर परवानगी. भिंत पडली तर परवानगी. आता नाव जगात गेलं, म्हंजे आनि किती कागद?"

"काका, पण कोणी उठवणार नाही असे सांगितले आहे ना?"

"सांगत्यात की. उठवायला कशाला पायजे? घर दुरुस्त न्हाई झालं तर मानूस आपसूक उतरतंय खाली."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कायदा असा आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीला परवानगी लागते, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवरही नियंत्रण असते. २०१० च्या दुरुस्तीने हे कडक झाले. शेतात एकटे उभ्या असलेल्या मंदिरासाठी हा नियम शहाणपणाचा आहे. पण ज्या गडावर जिकडे पाहावे तिकडे स्मारक आहे तिथे शंभर-शंभर मीटरची वर्तुळे काढली की गावच वर्तुळात येते. यादीत नाव जाण्याआधीपासून गावात धास्ती होती आणि तशा बातम्याही आल्या होत्या, त्या यामुळे.

काकांनी अजून एक आठवण सांगितली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा रस्ता खचला आणि गाड्या बंद झाल्या. पर्यटक थांबले. गाव मात्र वरच होते. सामान डोक्यावरून चढवले, आजाऱ्यांना उचलून उतरवले. "तवा कुनी म्हनलं न्हाई, खाली या म्हनून," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "तुमी लिवत असाल तर येवढं करा. गड मोकळा करा, असं तेवढं लिवू नका."

मी भाचीकडे पाहिले नाही. ते वाक्य मी लिहून चुकलो होतो.

अर्थात माणसे राहिली की सगळे जपले जाते असे म्हणणे हाही भाबडेपणा होईल. पन्हाळ्याच्या तटाला टेकून उभी असलेली काही सिमेंटची बांधकामे पाहवत नाहीत. राजस्थानात जैसलमेरच्या किल्ल्यात आजही हजारो माणसे राहतात. तिथे नळाचे पाणी आले, खोल्या भाड्याने देण्याचा धंदा वाढला, आणि सांडपाणी मुरून किल्ल्याखालची टेकडीच ढिली होऊ लागली. तिथल्या तटाला पाण्याने जे केले ते कुणा शत्रूला जमले नव्हते. उलट टोकाचे उदाहरण फ्रान्समधल्या कारकासोनचे. त्याच्या दोन तटांमधल्या पट्ट्यात विणकरांची आणि गरिबांची घरे होती. १८५३ पासून जीर्णोद्धार सुरू झाला आणि ती घरे हटवण्यात आली. तट सुंदर झाले, १९९७ मध्ये तेही जागतिक वारसा यादीत गेले. आज तिथे जाणारा माणूस तट पाहतो, विणकर कुठे गेले हे त्याला कोणी सांगत नाही. पन्हाळ्याला या दोन्हींच्या मधली वाट शोधायची आहे. आणि गंमत म्हणजे तिचा पहिला मसुदा १७१५ मध्येच लिहून ठेवलेला आहे. पाण्याची सोय आधी, केर दरडीवरून खाली लोटायचा नाही, झाड तोडायचे नाही, बडेजावाचे वाडे चढवायचे नाहीत. अमात्यांनी गडावर राहण्याला बंदी घातली नव्हती, राहण्याची रीत घालून दिली होती.

परतताना रात्र झाली. खंबाटकीच्या बोगद्यापाशी वाहने तुंबली होती. भाचीने गाडी बंद करून सहज विचारले, "मामा, आपले गावठाणातले घर कसे होते गं आजी म्हणायची तसे?" तिला ते आठवत नाही. मला आठवते. पाच खणांचे, कौलारू, दारात दगडी ओटा. धायरी तेव्हा खरेच गाव होते. धारेश्वराच्या यात्रेला पाहुणे ओट्यावर झोपत. २००९ मध्ये आम्ही भावांनी ते घर विकसकाला दिले. छप्पर गळत होते, दुरुस्तीला पैसे नव्हते, आणि सगळ्यांना सपाट भिंतींच्या खोल्या हव्या होत्या. मलाही हव्या होत्या. उरलेली धायरी २०१७ मध्ये महानगरपालिकेत गेली. तोवर गावठाणातली बहुतेक घरे गेलीच होती. आमच्या दाराची लोखंडी कडी मी काढून आणली. ती गॅलरीत खिळ्याला टांगलेली आहे, सिंहगड दिसतो त्याच बाजूला.

म्हणजे स्वतःचे घर पाडून तीन वर्षे झालेली असताना मी दुसऱ्यांना गड रिकामे करायला सांगत होतो. आम्हाला कोणी उठवले नव्हते. घर दुरुस्त झाले नाही आणि आम्ही आपसूक उतरलो. पन्हाळ्यावरच्या काकांनी माझेच चरित्र एका वाक्यात सांगितले होते, त्यांना ते माहीत नव्हते इतकेच.

म्हणून २०१२ च्या लेखातले ते वाक्य मी इथे जाहीरपणे मागे घेतो. त्याच्या जागी काही साधी कामे सुचवतो. पन्हाळ्यातल्या प्रत्येक जुन्या घराचे मोजमाप आणि नोंद व्हावी, बुरुजांची होते तशीच. दुरुस्तीची परवानगी गडावरच, ठरलेल्या मुदतीत मिळावी. कौल, चुना आणि लाकूडकाम करणाऱ्या गवंडी-सुतारांना तिथेच काम मिळावे. सांडपाण्याची व्यवस्था तटाच्या आधी व्हावी. आणि घराघरांत ट्रंकांमध्ये पडलेले वतनाचे कागद कोणीतरी बसून वाचावेत. मोडी वाचणारा माणूस हवा असेल तर मी आहे. पहाटे चारला निघालो तर दहापर्यंत पोचतो.

भाची आता दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणींना घेऊन पन्हाळ्याला जाणार आहे. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या आहेत. मुक्काम गडावरच्या एखाद्या घरात करायचा. आणि सोबत नेलेला केर परत आणायचा, दरडीवरून खाली टाकायचा नाही.